पहिल्या नंबरावरची म्हैस

दिवाळीच्या पाडव्याला माझ्या आवडत्या दहा व्हिडिओ गेम्सची क्रमवारी जाहीर करायची, हा माझा जुना रिवाज. यंदा नऊच आहेत. दोनपासून दहापर्यंत. पहिला नंबर रिकामा आहे आणि रिकामाच राहणार आहे. तेव्हा "ताई, एक नंबर टाकायला विसरलात का?" असं विचारणाऱ्या शहाण्यांनी जरा दम धरावा. मला दहापर्यंत मोजता येतं. का रिकामा ठेवलाय ते सांगते. आणि नीट ऐकायचं असेल तर कपाळावरची ती पट्टी आधी काढून ठेवा.

मी केतकी सरनोबत. राहायला कोल्हापूर. धंदा म्हणाल तर गेम खेळायचे आणि त्यांच्याबद्दल लिहायचं. लोक म्हणतात, ही बाई फक्त शिव्या घालते. शंभरातले नव्वद गेम शिव्यांच्याच लायकीचे निघतात, त्याला मी काय करू? 'रक्तरंग'चा नववा भाग घ्या. आधीच्या आठ भागांत जे मेले नाहीत त्यांना या भागात मारायचं. जे मेले होते ते परत आलेत, त्यांनाही मारायचं. झालं. एवढ्यासाठी शेकडो माणसं कित्येक वर्षं राबली म्हणे. तेवढ्या माणसांनी नुसत्या मातीच्या पाट्या टाकल्या असत्या तर एखादं धरण उभं राहिलं असतं.

माझी कसोटी साधी आहे. गेम सुरू करायच्या आधी चहा करायचा आणि भरलेला कप उजव्या हाताशी ठेवायचा. गेम भिकार असला की चहा गरम असतानाच संपतो, कारण हाताला दुसरा उद्योगच नसतो. बरा असला की चहा कोमट होतो. आणि फार म्हणजे फारच चांगला असला, तर चहा केला होता हेच मी विसरते आणि त्यावर साय धरते. सायीचे कप इतक्या वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. लोक या कसोटीला हसतात. हसू देत, त्यांच्या कसोट्या काय लायकीच्या आहेत ते आता बघूच.

माझा नवरा यशोधन इंगवले. स्वभावानं इतका गरीब की चावणाऱ्या डासालाही म्हणेल, "जरा बाजूला होता का?" पुण्याच्या चांगल्या नोकरीला रामराम ठोकून तो कोल्हापुरात परत आला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून एकट्यानं एक गेम बनवायला लागला. नाव 'पाणवठा'. वर्षानुवर्षं आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो, कारण टेबलावर म्हैस होती.

हो, म्हैस. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, पाठ तेल लावून चकचकीत केलेली. मालक पुढे जातो आणि एक हाक मारतो. ते एवढं मोठं धूड ढोलताशांतून, गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे धावत येतं. दुसरा कुणी कितीही बोंबलला तरी ढुंकून बघत नाही. यशोच्या आजोळी अशी एक म्हैस होती, चंद्रा. त्याच्या गेममध्ये तीच होती.

गेममध्ये काय करायचं? चंद्राला तळ्यावर न्यायचं, घासायचं, घरी आणायचं. आणि तिला हाक मारायची, आपल्या खऱ्या आवाजात. सुरुवातीला ती तुमच्याकडे बघतही नाही. गुण नाहीत, नाणी नाहीत, घड्याळ नाही. रोज बोलत राहिलात तर ती तुमचा आवाज ओळखायला लागते. कधी, ते कुणी सांगत नाही.

गेम पुरा झाल्यावर यशोनं तो मला खेळायला दिला आणि स्वतः गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालत बसला. वाळलेले काढून परत वाळत घातले असणार. मी चहा केला, हल्ली सगळ्यांच्या नाकावर असतो तो काचेत गेम दाखवणारा चष्मा चढवला. आपल्या माणसाचं काम असलं म्हणून काय झालं? मी ठरवलं होतं, भिकार असेल तर भिकार म्हणणार.

बऱ्याच वेळानं मी तळ्याकाठी उभी होते. चंद्रा नाकापर्यंत पाण्यात बसलेली. मी कितव्यांदा कोण जाणे म्हटलं, "चंद्रे, ये गं बाई." तिचा एक कान हलला. मग मान वळली. मग ती पाण्यातून उठली आणि अंगावरून पाणी निथळत सरळ माझ्याकडे चालत आली. मला रडू फुटलं. एका न-असलेल्या म्हशीपायी मी भर दुपारी ढसाढसा रडले. लाज नाही वाटत सांगायला.

चष्मा काढला तर यशो शेजारी उभा. तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो माझ्या कपात डोकावत होता.

"साय?" तो म्हणाला.

"साय," मी म्हणाले.

तो खाली बसला आणि त्यानं माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तो कप त्यानं स्वतः धुतला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस कुठला असं कुणी विचारलं, तर तो.

आता पट्टीकडे येते.

'मनोमाप' नावाच्या कंपनीची ही रसपट्टी आज तुमच्या सगळ्यांच्या कपाळाला आहे, आणि ती काय करते हे शंभरातल्या नव्याण्णवांना ठाऊक नाही. म्हणून शास्त्र सांगते. तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश असतो. तो कपाळाच्या कातडीतून, हाडातून आत शिरू शकतो. प्राणवायूनं भरलेलं रक्त तो प्रकाश एका प्रमाणात शोषून घेतं आणि प्राणवायू वापरून झालेलं रक्त दुसऱ्या प्रमाणात. परत येणारा प्रकाश मोजला की कपाळामागच्या मेंदूत रक्त कुठे धावलं ते कळतं. जोडीला घाम, नाडी आणि डोळ्यातली बाहुली किती मोठी झाली याचं माप. या सगळ्यातून शंभरपैकी एक आकडा काढायचा, तो रसांक. म्हणजे समोरची गोष्ट तुम्हाला 'खरोखर' किती आवडली. इथपर्यंत हुशारीचं काम आहे, मी नाव ठेवणार नाही.

मेख पुढे आहे. तो प्रकाश जेमतेम बोटभर आत जातो. सुखाचं मूळ मेंदूत त्याच्या कितीतरी खाली आहे. म्हणजे स्वयंपाकघरात काय शिजतंय ते अंगणातल्या गोंगाटावरून ओळखायचं. आणि ते ओळखायला यंत्राला शिकवलं कसं? लाखो पोरांना पट्ट्या लावून 'रक्तरंग'सारखे गेम खेळायला बसवलं आणि विचारलं, मजा आली का? पोरं घामाघूम होऊन किंचाळली, "आली!" यंत्र शिकलं की घाम, धडधड आणि मोठी बाहुली म्हणजे आवड. आता राग आला तरी हेच होतं. भीती वाटली तरी हेच. एखाद्या गोष्टीची मनापासून किळस आली तरी हेच. यंत्राला खळबळ कळते, ती कसली ते कळत नाही. आणि माणूस सुखानं गप्प बसला असेल, तर यंत्राच्या लेखी तो कंटाळलाय.

पण लोकांना आकडा मिळाला की अक्कल गहाण टाकायला वेळ लागत नाही. मिसळवाल्यांनी दारावर रसांक लावले. जीभ पोळली की आकडा वर जातो हे कळल्यावर सगळ्यांनी तिखट वाढवलं, आणि गिऱ्हाईकं नाक पुसत म्हणायला लागली, "नाद खुळा! ब्याण्णव!" आमच्या सासूबाईंना महिला मंडळात पट्टी फुकट मिळाली. भजनाला बसल्यावर त्यांचा रसांक चौदा. शेजारच्या कोरगावकर काकूंशी गाडी लावण्यावरून जुंपली तेव्हा त्र्याण्णव. सासूबाई पट्टी काढून म्हणाल्या, "बघ की गं. आणि मी इतकी वर्षं उगीच टाळ कुटत बसले." त्यांनी भजन सोडलं. काकूंशी मात्र रोज नेमानं भांडतात.

तर 'पाणवठा' आला त्या वर्षी गेम विकणाऱ्या सगळ्या दुकानदारांनी मिळून फतवा काढला: पट्टी नाही तर परीक्षण नाही. परीक्षकांचे रसांक सगळ्यांसमोर येणार. मी चरफडत पट्टी लावली. वर्षभराचे गेम पुन्हा खेळले, चहाचे कप मांडले आणि पाडव्याला माझी क्रमवारी जाहीर केली. दहाव्या नंबरावर 'गटार', ज्यात एका शहराची तुंबलेली गटारं मोकळी करायची असतात आणि ते दिसतं त्यापेक्षा फार सुंदर आहे. चौथ्यावर 'मुंग्यांचा मुकादम'. पहिल्यावर 'पाणवठा'. खाली स्वच्छ लिहिलं की हा माझ्या नवऱ्याचा गेम आहे, मी त्याला झुकतं माप दिलेलं नाही, पटत नसेल तर स्वतः खेळून बघा.

दुपारपर्यंत 'मनोमाप'नं माझे रसांक जाहीर केले. 'रक्तरंग ९' चौऱ्याण्णव. माझ्या सगळ्या आकड्यांतला सर्वांत मोठा, कारण तो गेम खेळताना माझ्या अंगाची नुसती आग आग झाली होती. 'पाणवठा' अकरा. दहाही गेम्समध्ये सगळ्यात कमी.

मग काय, आयतंच कोलीत. "पाडव्याला नवरा बायकोला ओवाळणी घालतो, इथं बायकोनं नवऱ्याला घातली!" हा त्यातला सभ्य विनोद. ज्यांना स्वतःच्या आईचा वाढदिवस चष्मा सांगतो, ते मला प्रामाणिकपणा शिकवत होते. मला त्यांचं काही वाटलं नाही. कुत्री भुंकतात म्हणून हत्ती कुठं रस्ता बदलतो? मला धसका होता तो एकाच माणसाचा.

यशो टेबलाशी बसला होता. समोर आकडा.

"अकरा?" तो म्हणाला.

"यशो, त्या पट्टीला शांत माणूस आणि कंटाळलेला माणूस यातला फरक कळत नाही. तू इंजिनीअर आहेस, तुला मी सांगायला पाहिजे का?"

"मग 'रक्तरंग'ला चौऱ्याण्णव?"

"संताप! निव्वळ संताप आहे तो. तुझ्या आईला भांडण आवडतं का?"

"आवडतच असेल की. नाहीतर रोज कशाला भांडली असती?"

मी त्याचा हात धरला. "साय विसरलास? तूच धुतलास ना तो कप?"

त्यानं हात काढून घेतला नाही. पण बोलला ते अगदी हळू, मला लागू नये म्हणून जपून बोलला. "कप मुद्दाम गार करता येतो, केतकी. माणूस प्रेमापोटी करतो असं. मी तुला दोष देत नाही. आकडा मात्र मुद्दाम करता येत नाही."

मला दोष देत नव्हता! त्याच्या मते मी खोटं बोलले होते, आणि तो मला मोठ्या मनानं माफ करत होता. ओरडला असता तर परवडलं असतं.

त्यानंतर त्यानं जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. दुसरा एखादा चिडला असता, रुसला असता. यशोनं ठरवलं की बायकोला खरोखर आवडेल असा गेम बनवायचा. आवडेल म्हणजे, ज्याचा आकडा वर जाईल असा.

पहिल्यांदा त्यानं तळ्यात नाणी टाकली. चंद्राला घासलं की नाणी वर येतात. मी पट्टी लावून खेळले आणि चहा संपवून सांगितलं, "यशो, हे काढ. म्हशीच्या अंगातून चिल्लर पडतीये."

तो आकड्याकडे बघत होता. "छत्तीस," तो म्हणाला. अकराचे छत्तीस झाले होते. पोराला पहिला दात आल्यासारखा चेहरा.

मग घड्याळ आलं. मग शेजारच्या गावची दुष्ट म्हैस आली. मग शिंगांना जाळ लागला. दर वेळी मी खेळायची, दर वेळी चहा आधीपेक्षा लवकर संपायचा आणि दर वेळी आकडा वर चढायचा. चढणारच. ज्या तळ्याकाठी मी रडले होते तिथं आता जत्रेतल्या मौत के कुएँसारखा गोंधळ चालला होता, आणि तो माझ्या नावानं चालला होता.

"हे भिकार आहे, यशो," मी एक दिवस स्पष्टच म्हणाले.

"एकाहत्तर!" त्याचे डोळे भरून आले होते.

"मला राग आलाय. माझ्याकडे बघ. हा राग आहे."

"असेल. तुला जे आवडतं त्याच्यावरच तू रागावतेस, हे माझ्या आता लक्षात आलंय. तोंडानं तू काहीही म्हण."

तोंडानं काहीही म्हण! माझं तोंड, ज्यावर आमचं घर चालत होतं, त्याची आमच्याच घरात ही किंमत. पट्टी लावायची नाही असं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा तो इतका केविलवाणा झाला की मी परत लावली. ही माया म्हणा, मूर्खपणा म्हणा. मी मूर्खपणा म्हणते.

शेवटी तो आवाजाच्या मुळाशीच गेला. नव्या चंद्राला तुमचा आवाज ओळखायचा नव्हता, फक्त मोठा आवाज हवा होता. मी नेहमीसारखं म्हटलं, "चंद्रे, ये गं बाई." ती पाण्यात बसून राहिली. परत म्हटलं. कान हलला नाही. मग मी वैतागून ओरडले, "अगं ए!" तशी ती ताडकन उठून धावत आली आणि आकाशातून फटाके फुटले. मी चष्मा काढून टेबलावर आपटला.

"एकोणनव्वद," यशो म्हणाला.

'मनोमाप'चे एक पारसनीस नावाचे गृहस्थ मुंबईहून आले. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचं हसू. गेम विकत घ्यायला आले होते. यशोनं माझी ओळख करून दिली, तर म्हणतात कसे, "मॅडम, तुमच्या शिव्या म्हणजे आमच्यासाठी सोनं! तुम्ही ज्याला झोडता तो हमखास चालतो."

"मग तुमच्याबद्दलही दोन शब्द लिहिते," मी म्हणाले. "तुमचंही भलं होईल."

ते खो खो हसले. अशा माणसांचा अपमानही करता येत नाही, आत शिरायला कुठे जागाच नसते.

गेम 'म्हैस महासंग्राम' या नावानं आला. देशभर गाजला. ते नाव मी माझ्या यादीत काय, भंगाराच्या वहीतही लिहिणार नाही. जुना 'पाणवठा' ज्यांनी घेतला होता त्यांच्याकडेही नवा आपोआप उतरला. माझी चंद्रा, माझा आवाज ओळखणारी, कुठेच उरली नाही; पहिल्या नंबराची तिची जागा म्हणूनच रिकामी. मी यशोला विचारलं, "जुनी ठेवलीस का रे कुठे?" तो म्हणाला, "कशाला? अकराची होती ती."

तेव्हा मी अजून त्याच घरात होते. गेमचं दुःख मोठं होतं, पण गेम म्हणजे नवरा नव्हे, असं मनाला समजावत होते.

मग घरात काहीतरी बिघडायला लागलं. यशो, जो डासालाही अहोजाहो करायचा, ओला टॉवेल माझ्या उशीवर टाकायला लागला. मी लिहीत बसले की मुद्दाम येऊन म्हणायचा, "किती तेच तेच लिहितेस." माझ्या आईचा फोन आला की मागून कुजकं काहीतरी बोलायचा. मी भडकायची, तो दोन वाक्यं चढवायचा, मी आणखी भडकायची. आणि भांडण पेटलं की त्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र समाधान दिसायचं. मला वाटलं, यश डोक्यात गेलं. वाटलं, दुसरी कुणीतरी असेल. ते परवडलं असतं.

एकदा भांडताना त्याच्या चष्म्याच्या काचेत मला उलटे अंक दिसले. मी चष्मा ओढून घेतला आणि डोळ्यांना लावला. माझाच चेहरा, लालबुंद, आणि बाजूला आकडा. 'मनोमाप'नं जोडप्यांसाठी नवी सोय काढली होती. त्यात पट्टीही लागायची नाही, बाहुलीवरून आणि चेहऱ्याच्या रक्तावरून चष्माच हिशेब करायचा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तो पलंगाच्या कडेवर बसला. एकदम लहान दिसायला लागला. "आपण दोघं शांत बसलेलो असतो ना, रंकाळ्यावर वगैरे, तेव्हा तू बारा असतेस. कधी नऊ. भांडताना तू नव्वदीत जातेस. मी खूप दिवस बघितलं, केतकी. मला वाटलं, मी तुला कंटाळवाणा होतोय. मला तू सोडून जायला नको होतीस, म्हणून..."

"म्हणून टॉवेल?"

"म्हणून टॉवेल."

त्या क्षणी मला त्याची कीव यायला हवी होती. थोडी आलीही. पण त्याच्यावर मला जी चीड आली ती कुठल्याच गेमवर आली नव्हती. रंकाळ्याच्या कट्ट्यावर त्याच्या खांद्याला टेकून बसलेली मी, जगात कुणाचाही राग न करता बसायची माझी ती एकुलती एक जागा, आणि हा तिथं शेजारी बसून माझे मार्क मोजत होता. विचारत नव्हता. मी शेजारी असताना, मला जीभ असताना, एकदाही विचारलं नाही.

मी काचेतल्या आकड्याकडे बघितलं. सत्त्याण्णव. मी चष्मा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे. विक्रम झालाय."

पुढचे काही महिने आम्ही एका घरात राहिलो, एवढंच. तो टॉवेल नीट वाळत घालायला लागला. मी भांडणं बंद केली. मग जे घरी मी गळा फाडून सांगत होते ते बंगळूरच्या एका प्राध्यापिकेनं सिद्ध केलं. राग, किळस आणि आनंद यांना पट्टी सारखाच आकडा देते, आणि गाढ समाधानाला नापास करते. मोठा गाजावाजा झाला. आता 'मनोमाप' बुडणार असं वाटलं ना तुम्हाला? डोंबल! त्यांनी महिन्याभरात नवी जाहिरात केली: 'कमी आकडा, खोल आवड.' तीच पट्टी, नुसता अर्थ फिरवलेला. आणि हीच जनता रांगा लावून आपले कमी आकडे एकमेकांना दाखवायला लागली. मिसळवाल्यांनी तिखट कमी केलं. सासूबाईंनी टाळ परत काढले, आणि कोरगावकर काकूंना आता करमत नाही.

प्राध्यापिकेचा लेख छापून आला त्या संध्याकाळी यशो धावतच घरी आला. बूटसुद्धा न काढता. हातात तोच लेख.

"अकरा!" तो म्हणाला. "केतकी, अकरा म्हणजे... तू खरं बोलत होतीस."

"हो."

"रंकाळ्यावर नऊ होतीस तू. नऊ! आणि मी गाढव..." तो खरोखर रडत होता. "मी चंद्राला परत बनवीन. सगळं आठवतंय मला. तू बस. मी चहा करतो."

कितीतरी महिन्यांनी त्यानं माझ्यासाठी चहा केला. आलं घालून, मला हवा तसा. कप माझ्या उजव्या हाताशी ठेवला, जागा बरोबर आठवून. मग जरा घुटमळला आणि खिशातून पट्टी काढली. "एकदा लावशील? एकदाच. मग फेकून देऊ."

मी लावली. तो शेजारी बसला, खांद्याला खांदा लावून, पूर्वी बसायचा तसा. खिडकीतून शाळेतून घरी जाणाऱ्या पोरांचा आवाज येत होता. मी स्वतःच्या आत नीट बघितलं. राग नव्हता. चीड नव्हती. तिरस्कारसुद्धा नव्हता, आणि तिरस्कार हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, तो कधी संपतो ते मला बरोबर कळतं. बसच्या स्टँडवर अनोळखी माणूस शेजारी बसावा, तसं वाटत होतं. मी चहा घेतला.

"अकरा," यशो कुजबुजला. "बघ, परत अकरा. तेव्हाचाच."

"यशो, पट्टी राहू दे बाजूला. मला तोंडानं विचार."

"काय विचारू?"

"मला तू अजून आवडतोस का, ते."

तो हसला. इतक्या दिवसांनी इतका मोकळा हसला की क्षणभर मला वाटलं, आता विचारेल. मी थांबले. उत्तर द्यायची तयारी ठेवून थांबले होते.

"आता विचारायचं काय राहिलंय, वेडे?" तो म्हणाला. "दिसतंय की."

मी कप टेबलावर ठेवला. अजून गरम होता आणि रिकामा होता, तळाशी फक्त चहापत्तीचे कण. माझी कसोटी जगात त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. तो आकड्याकडे बघत बसला होता. कपात डोकावलाच नाही.